२७ डिसेंबरचा दिनविशेष मुलांना कसा सांगावा?

पांदणवाट

अमरावती जिल्ह्यातील एका खेड्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका आणि सुविचार झाल्यावर दिनविशेष वाचला जातो, हे येथील शिक्षक मंडळींना ठाऊकच आहे. बहुतेक ठिकाणी मोबाइलवर आलेली यादी एखादे मूल घाईघाईने वाचून काढते, नावे आणि सने एकमेकांत मिसळतात आणि मुले वर्गात जाऊन बसेपर्यंत त्यातले काही उरलेले नसते. मला हे मनापासून खटकते. कितीतरी मुलांच्या कानावर जगाचा इतिहास पडतो तो एवढाच, आणि तो असा वाया जाऊ नये असे वाटते.

२७ डिसेंबर हा आमच्या जिल्ह्यात मोठा दिवस आहे. भाऊसाहेबांचा, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख यांचा, जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी पापळ येथे झाला. त्या दिवसाच्या तयारीसाठी सातवीच्या मुलींनी यादी उतरवून आणली. तीत भाऊसाहेबांबरोबर योहान्स केप्लर (१५७१), मिर्झा गालिब (१७९७) आणि लुई पाश्चर (१८२२) यांचे जन्म होते, डार्विनचे ‘बीगल’ जहाज इंग्लंडहून निघाल्याची नोंद (१८३१) होती, ‘जन गण मन’ प्रथम गायिले गेल्याची नोंद (१९११) होती आणि अर्थातच सलमान खानही (१९६५) होता. यादी वाचून झाल्यावर एका मुलीने विचारले, “मॅडम, हे सगळे एकमेकांना ओळखत होते का?”

प्रश्न साधा वाटला तरी त्याने मला कामाला लावले. उत्तर अर्थातच नकारार्थी आहे. भाऊसाहेब जन्मले तेव्हा पाश्चर यांना जाऊन तीन वर्षे झाली होती आणि गालिब यांना जाऊन जवळजवळ तीस. परंतु वर्षातला हा एक दिवस सर्वांचा सारखाच असल्यामुळे दुसरा एक प्रश्न विचारता येतो: यांच्यापैकी एकाच्या आयुष्यात २७ डिसेंबरला काही घडत होते, तेव्हा बाकीचे कोठे होते आणि किती वर्षांचे होते? ही पद्धत मी फळ्यावर वापरून पाहिली आणि मुले वजाबाकी करता करता इतिहासात शिरली. पाश्चर यांचा जन्म झाला त्याच दिवशी गालिब यांनी पंचवीस वर्षे पूर्ण केली. २७ डिसेंबर १८३१ रोजी, वादळामुळे आधी दोनदा परत फिरावे लागलेले ‘बीगल’ अखेर प्लिमथ बंदरातून निघाले, तेव्हा जहाजावरचा डार्विन बावीस वर्षांचा होता, फ्रान्समध्ये पाश्चर नऊ वर्षांचे झाले होते आणि गालिब चौतीस वर्षांचे. जहाज दहा दिवसांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, तेनेरिफ बेटापाशी पोहोचले. पण पटकीच्या भीतीमुळे कोणालाही किनाऱ्यावर उतरू दिले नाही. नेमक्या त्याच दिवशी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. ६ जानेवारीचा पत्रकार दिन मुलांना माहीत असतो. त्याला असा शेजार मिळाला की ती तारीख पक्की होते.

गालिब यांच्याविषयी मला वाटत होते की खेड्यातल्या मुलांना त्यांच्याबद्दल काय सांगावे. शोधता शोधता धागा थेट चिखलदऱ्यापर्यंत आला. गालिब लहान असतानाच वडील गेले आणि काका नसरुल्ला बेग खान यांनी त्यांना सांभाळले. हे काका मराठ्यांच्या वतीने आग्र्याचा कारभार पाहत होते आणि १८०३ च्या युद्धात आग्रा इंग्रज सेनापती लेक याच्या हाती गेले. त्याच युद्धात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावला लढाई झाली, १५ डिसेंबरला वेलस्लीच्या सैन्याने चिखलदऱ्याजवळचा गाविलगड घेतला आणि १७ डिसेंबरला नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. त्यानंतर दहा दिवसांनी आग्र्यातील त्या पोराला सहा वर्षे पूर्ण झाली. पुढे काकांच्या नावाने इंग्रजांकडून मिळणाऱ्या वेतनातला आपला वाटा पुरेसा मिळावा म्हणून गालिब कलकत्त्यापर्यंत गेले आणि आयुष्यभर अर्ज करत राहिले. सहलीला गाविलगडाचा पडका तट पाहून आलेल्या मुलांना हे सांगितले तेव्हा गालिब हे नाव त्यांना परके राहिले नाही.

राष्ट्रगीताची नोंद तर परिपाठातलीच. २७ डिसेंबर १९११ रोजी काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी रवींद्रनाथांचे हे गीत प्रथम जाहीरपणे गायिले गेले. त्या दिवशी भाऊसाहेब तेरा वर्षांचे झाले होते, म्हणजे आमच्या सातवी-आठवीच्या मुलांच्या वयाचे. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी हे राष्ट्रगीत असल्याचे जाहीर केले आणि त्याच दिवशी सदस्यांनी संविधानाच्या प्रतींवर सह्या केल्या. भाऊसाहेब त्या सभेचे सदस्य होते. आम्ही रोज सकाळी ज्या क्रमाने राष्ट्रगीत आणि उद्देशिका म्हणतो, त्या दोन्ही गोष्टींच्या जवळ आपल्या जिल्ह्यातला एक माणूस असा उभा आहे, हे मुलांना कोणी सांगितलेले नव्हते.

पाश्चर यांच्याविषयी मला बरेच लिहायचे आहे, पण आरोग्य खात्यातील कोणी येथे असेल तर त्यांनी सांगितलेले अधिक बरे. केप्लरबाबत मात्र एक अडचण आहे. त्याचा जन्म १५७१ चा, म्हणजे आजची दिनदर्शिका सुरू होण्यापूर्वीचा. त्याची तारीख २७ डिसेंबरच लिहावी की बदलून लिहावी? आणि एका सकाळच्या पाच मिनिटांत यांपैकी किती जणांना घ्यावे? जाणकारांनी मत द्यावे.

जुने दप्तर

मॅडम, आपण वयाची वजाबाकी करून घेतली हे फार चांगले केले. मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. तारखांकडे पाहण्याची माझी नजर दाखल-खारीज रजिस्टरने घडवली, म्हणून त्याविषयी लिहितो.

जुनी रजिस्टरे उघडून पाहा. जन्मतारखेच्या रकान्यात १ जुलै एकाखाली एक उतरत गेलेली दिसते. काही ठिकाणी १ जून दिसते. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्म सांगता यायचा तो “पोळ्याच्या आदल्या दिवशी”, “पऱ्हाटी निंदणाला आली होती तेव्हा”, “मोठ्या पुराच्या साली” असा, आणि गुरुजी सहा वर्षे पूर्ण होतील अशा बेताने शाळा उघडण्याच्या सुमाराची एक तारीख लिहून टाकायचे. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे विदर्भात १ जुलैची गर्दी अधिक. त्या पिढीतील एखाद्या गावातले अर्धे म्हातारे कागदोपत्री एकाच दिवशी जन्मलेले निघाले तरी नवल वाटू नये.

खरी तारीख हवी असेल तर कोतवाल बुक पाहावे. गावातील प्रत्येक जन्म आणि मृत्यू कोतवाल त्यात नोंदवून घेत असे. आज जात पडताळणीसाठी लोक त्याच बुकाची नक्कल काढायला तहसिलीत जातात आणि कित्येकांना आजोबांचा खरा जन्मदिवस पहिल्यांदा तेथेच कळतो. पाने जीर्ण झालेली असतात, शाई उडालेली असते, कोठे कोठे मुलाचे नाव नसून ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले असते, तरी ती नोंद घटना घडल्याबरोबर केलेली असल्यामुळे तिचे मोल रजिस्टरापेक्षा मोठे. मुलांना ऐतिहासिक तारीख सांगताना ती कोणी, केव्हा आणि कशावरून लिहिली हेही सांगावे, असे माझे मत आहे.

१ जुलैच्या खऱ्या मानकऱ्यांचेही सांगून ठेवतो. वसंतराव नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली येथे झाला. ५ डिसेंबर १९६३ पासून ११ वर्षांहून अधिक काळ ते मुख्यमंत्री होते आणि त्यांची जयंती राज्यात कृषी दिन म्हणून साजरी होते. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांचे त्याहून विशेष. त्यांचा जन्म १ जुलै १८८२ चा आणि मृत्यू १ जुलै १९६२ चा, म्हणजे बरोबर ८० वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी ते गेले. देशातला डॉक्टर दिन त्यांच्याच नावाने आहे. शाळा नुकतीच उघडलेली असते, पेरणीची गडबड असते आणि हा दिनविशेष हमखास सुटतो.

संत्राबाग

ताई, आपला अभ्यास मोठा आहे, पण मला एक म्हणायचे आहे. भाऊसाहेबांचा दिवस हा भाऊसाहेबांचाच राहू द्यावा. आमच्या भागातील पोरांना त्यांनी काय केले हेच धड माहीत नाही. शिक्षण संस्थेच्या पाटीवर नाव आहे, विद्यापीठाला नाव आहे, एवढ्यावर जयंती संपते. त्यात केप्लर आणि पाश्चर आणून बसवले तर शेतकऱ्याच्या पोराला शेतकऱ्याचा नेता पुन्हा अर्ध्या ओळीतच भेटेल. माझ्या वडिलांना त्या संस्थेच्या शाळेमुळे दहावीपर्यंत शिकता आले, म्हणून हे तळमळीने लिहितो आहे.

पांदणवाट

भाऊ, आपली तळमळ मला समजते आणि पाटीवरच्या नावाबद्दल आपण म्हणता ते खरेच आहे. पाच मिनिटांपैकी तीन मिनिटे भाऊसाहेबांना द्यायची हे मी आता ठरवून टाकले. मात्र इतरांना घराबाहेर ठेवल्याने ते मोठे होतील असे मला वाटत नाही. पापळसारख्या गावातून निघालेला हा माणूस स्वतःच एडिंबरा आणि ऑक्सफर्डला गेला, वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून डॉक्टर झाला, बॅरिस्टर झाला आणि परत आल्यावर १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहात उतरला. वेदांचा अभ्यास केलेला माणूस मंदिराच्या दाराशी कोणाच्या बाजूने उभा राहिला, ही गोष्ट मुलांना सविस्तर सांगायला हवी. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांसाठी खुल्या करवल्या. आमच्या गावात ज्या विहिरीवर आज पंप बसला आहे, तिच्या काठावर उभे राहून हे सांगता येते. १९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, तीमुळे आपल्या वडिलांसारखे हजारो लोक शिकले.

पुढे १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रात कृषी खाते सांभाळत होते. भातलागवडीच्या जपानी पद्धतीचा प्रसार त्यांनी नेटाने केला, ज्याचा संबंध भंडारा-गोंदियाच्या धानाशी येतो. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले, तेथे अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर आले होते. ते प्रदर्शन चालू असतानाच २७ डिसेंबरला भाऊसाहेबांना ६१ वर्षे पूर्ण झाली. जगभरातले शेतीचे ज्ञान आपल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर यावे, हा त्यामागचा हेतू होता. असा माणूस पाश्चर यांच्या शेजारी बसायला कचरला नसता. १० एप्रिल १९६५ रोजी ते गेले आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले, त्याला त्यांचे नाव आहे.

उपकेंद्र

मॅडम, मी आरोग्यसेविका आहे आणि पाश्चर यांचे आपण माझ्यावर सोपवलेत म्हणून लिहिते.

खेड्यात पाश्चर यांचे काम दोन ठिकाणी दिसते, एक गोठ्यात आणि दुसरे आमच्या शीतपेटीत. १८८१ च्या मे महिन्यात फ्रान्समधील पूयी-ल-फोर येथे त्यांनी शेतकरी आणि पशुवैद्य यांच्यासमोर उघड प्रयोग केला. २४ मेंढ्यांना फाशी रोगाची, ज्याला काही ठिकाणी काळपुळी म्हणतात त्याची, लस टोचली. दुसऱ्या २४ तशाच ठेवल्या. ३१ मे रोजी सर्वांना जिवंत रोगजंतू टोचले. २ जून रोजी लोक पाहायला जमले तेव्हा लस टोचलेल्या मेंढ्या उभ्या होत्या आणि न टोचलेल्या एकामागून एक मेल्या. गावातल्या धनगर कुटुंबांतील मुलांना हा प्रयोग सांगून पाहा. मेंढी गेल्याचे नुकसान काय असते ते त्यांना समजावून द्यावे लागत नाही.

दुसरी गोष्ट जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाची. ४ जुलै १८८५ रोजी त्याला पिसाळलेल्या कुत्र्याने अनेक ठिकाणी चावे घेतले आणि ६ जुलैला आई त्याला पाश्चर यांच्याकडे घेऊन आली. पाश्चर स्वतः डॉक्टर नव्हते, म्हणून सुई डॉ. ग्रॅन्शे यांनी टोचली. दहा-अकरा दिवसांत १३ टोचण्या झाल्या आणि मुलगा वाचला. त्या वर्षीच्या २७ डिसेंबरला पाश्चर ६३ वर्षांचे झाले. त्यांचा मृत्यू २८ सप्टेंबर १८९५ चा आणि तीच तारीख आता जागतिक रेबीज दिन म्हणून पाळली जाते, त्यामुळे आपल्या शाळेला त्यांच्यासाठी वर्षातून दोन दिवस मिळतात.

मुलांना याबरोबर हेही सांगा, कारण वेळ येते तेव्हा घरातील मोठी माणसे गोंधळतात. कुत्रा, मांजर किंवा माकड चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवायची. हळद, तिखट, चुना, तेल यांपैकी काहीही लावायचे नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात यायचे. कातडीत दिल्या जाणाऱ्या लसीच्या वेळा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात आणि त्या चुकवायच्या नाहीत. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल तर जखमेत वेगळे प्रतिद्रव्यही द्यावे लागते. चावा बारीक दिसला, कुत्रा ओळखीचा होता, गावात कोणीतरी मंत्र टाकून देतो, अशा कारणांनी लोक थांबतात, आणि लक्षणे सुरू झाल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबाप शेतात असतात, मुले दुपारी एकटी असतात. म्हणून हे मुलांनाच पाठ असले पाहिजे.

झाडीपट्टी

तारीख बदलून लिहावी की नाही, या प्रश्नाला आमच्या चंद्रपूरकडचे उदाहरण देतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. त्या दिवशी विजयादशमी होती. त्यामुळे आज दीक्षाभूमीवर मोठी गर्दी दसऱ्याला होते आणि १४ ऑक्टोबरही पाळला जातो. या दोन दिवसांत काही वर्षी आठवड्याहून जास्त अंतर पडते. नागपूरनंतर १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरला बाबासाहेबांच्या उपस्थितीत दीक्षा समारंभ झाला आणि आमच्याकडचा सोहळा मात्र तारखेनेच होतो. आमचे आजोबा त्या समारंभाला पायी गेले होते. घरात दसरा आणि १६ तारीख असे दोन्ही दिवस मानले जातात आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही.

मोझरीला याच्या उलट आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गेले. पुण्यतिथी महोत्सव तिथीने होतो, आश्विन वद्य पंचमीला, म्हणून तारीख दर वर्षी हलते, पण मौन श्रद्धांजलीची वेळ ४.५८ हीच राहते. दिवस पंचांगाचा आणि मिनिट घड्याळाचे, असे हे दोन्ही मोजमापांचे एकत्र येणे मला फार विशेष वाटते. गुरुदेवभक्त आपापल्या गावीही त्या मिनिटाला हातातले काम सोडून उभे राहतात. याच ११ ऑक्टोबरला जयप्रकाश नारायण (१९०२) आणि नानाजी देशमुख (१९१६) यांचे जन्म झाले. दोघांनीही राजकारणातून बाहेर पडून गावाच्या कामाला स्वतःला वाहून घेतले, तेव्हा त्या दिवशीच्या दिनविशेषात ग्रामसेवेचा एक सलग धडा आपोआप तयार मिळतो.

पांदणवाट

मोझरीचा मुद्दा मला फार उपयोगाचा झाला. तिथी हलते, तारीख स्थिर राहते, असे आपण समजतो. प्रत्यक्षात तारीखही हललेली आहे, आणि केप्लर हे त्याचे चांगले उदाहरण ठरेल. पोप ग्रेगरी यांच्या सुधारणेप्रमाणे १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. केप्लरचा जन्म त्याच्या अकरा वर्षे आधीचा, म्हणजे जुन्या गणनेने २७ डिसेंबर १५७१ आणि आजच्या गणनेने ६ जानेवारी १५७२. पुन्हा आपला पत्रकार दिन! त्याचा मृत्यू मात्र नव्या गणनेने १५ नोव्हेंबर १६३० रोजी नोंदला जातो. याच १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडा (१८७५) जन्मले आणि पवनारला विनोबा भावे (१९८२) गेले. विनोबा गेले तो दिवाळीचा दिवस होता, म्हणजे त्यांची आठवणही तिथीने आणि तारखेने अशी दोन्ही बाजूंनी काढता येते. गालिब यांची गोष्ट आणखी निराळी. हिजरी गणनेने त्यांचा जन्म ८ रज्जब १२१२ चा आहे आणि हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे त्यांचा हिजरी जन्मदिवस थंडीतून उन्हाळ्यात, उन्हाळ्यातून पावसाळ्यात फिरत राहतो.

केप्लरविषयी ग्रहांचे नियम सांगण्याआधी मला त्याच्या आईविषयी सांगायचे आहे. लहानपणी देवीच्या आजाराने त्याची नजर अधू झाली होती. १५७७ चा मोठा धूमकेतू दाखवायला याच आईने, काटारिनाने, त्याला उंचावर नेले होते. पुढे १६१५ मध्ये गावातील भांडणातून तिच्यावर चेटूक केल्याचा आरोप आला. म्हातारी औषधी पाला देते, तिने दिलेल्या काढ्याने बाई आजारी पडली, अशा साक्षी झाल्या. १६२० मध्ये तिला कैदेत टाकले, साखळीने बांधून ठेवले, छळाची हत्यारे समोर मांडून कबुली मागितली. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईने कबुली दिली नाही. सम्राटाचा गणिती असलेला तिचा मुलगा आपले काम सोडून तिकडे गेला आणि एकेका आरोपाचे उत्तर त्याने स्वतः लिहून काढले. चौदा महिन्यांच्या कैदेनंतर १६२१ मध्ये ती सुटली आणि पुढच्याच वर्षी वारली. हाच खटला डोक्यावर असताना, १६१८ मध्ये, त्याला ग्रहगतीचा तिसरा नियम सापडला.

करणी केल्याच्या संशयावरून म्हाताऱ्या बाईला मारहाण झाल्याच्या बातम्या आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत अजूनही येतात. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ मध्ये झाला, हे मुलांना माहीत असायला हवे. तो कशासाठी करावा लागला, हे काटारिनाच्या गोष्टीतून त्यांना चटकन समजते, आणि गोष्ट दूरच्या देशातील असल्यामुळे गावातले कोणतेही घर दुखावत नाही. म्हणून केप्लरला मी यादीतून वगळणार नाही.

गणिताचा तास

पांदणवाट ताई, एक छोटी भर घालतो. एका खोलीत २३ जण असतील तर त्यांपैकी कोणा दोघांचा जन्मदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते, कारण २३ जणांच्या २५३ जोड्या होतात आणि मोजायच्या असतात त्या जोड्या. मुलांना तारखा सांगायला लावून हे वर्गातच करून पाहता येते. जुने दप्तर सरांच्या काळातील रजिस्टरावर हा हिशेब लागू पडणार नाही, कारण तेथे १ जुलैला झुकते माप आहे. आता जन्म दवाखान्यात होतात आणि दाखले खरे असतात. मोठी माणसे एका दिवशी जन्मली यात ग्रहताऱ्यांचा काही संकेत आहे असे जे मेसेज फिरतात, त्यांना उत्तर म्हणून हा प्रयोग पुरेसा आहे.

जुने दप्तर

केप्लरपुढे कंसात ‘जुनी गणना’ असे लिहावे आणि तारीख २७ डिसेंबरच ठेवावी. त्याने स्वतः आपली पत्रिका मांडताना हाच दिवस आणि दुपारी अडीचची वेळ धरली होती, तेव्हा ज्याच्या त्याच्या काळात जी तारीख चालत होती ती बदलण्याचे कारण नाही. १२ जानेवारीलाही हे लक्षात ठेवा. सिंदखेडराजाला त्या दिवशी जिजाऊ जयंती असते आणि स्वामी विवेकानंदांचा जन्मही १२ जानेवारीचा, १८६३ चा. त्या वर्षी मकरसंक्रांत १२ जानेवारीलाच होती. आता ती १४-१५ ला येते, कारण आपली निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेली, संक्रांत सुमारे ७० वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते. सलमान खानला एका वाक्यात उल्लेखून पुढे जावे. मुलांचे लक्ष तेवढ्याने लागते.

संत्राबाग

तीन मिनिटे मिळणार असतील तर माझी काही हरकत नाही, ताई. विहिरीजवळ सांगणार असाल तर आमच्या शाळेच्या मुलांनाही आणता येईल का, ते कळवावे. त्या सुमारास संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी बहुतेक आटोपलेली असते, ट्रॅक्टरची सोय मी करतो.

पांदणवाट

अवश्य आणा, भाऊ. परिपाठ नेहमीच्या वेळेला होईल, त्यानंतर सर्वांनी विहिरीपर्यंत चालत जायचे. भाऊसाहेबांविषयी सातवीच्या तीन मुली बोलतील, केप्लरच्या आईची गोष्ट सहावीचा एक मुलगा सांगेल आणि गालिब यांच्याविषयी गाविलगडाचा नकाशा घेऊन मी बोलेन. पाश्चर यांचे दोन मिनिटांत उपकेंद्र ताईंनीच सांगावे अशी विनंती आहे.

उपकेंद्र

येते. त्या दिवशी लसीकरणाचे सत्र दहा वाजता आहे, त्याआधी मोकळी आहे. फक्त एक बादली, साबणाची वडी आणि नळ किंवा तोटीचा ड्रम तयार ठेवा. एका मुलाच्या पोटरीवर खडूने जखम काढून ती कशी आणि किती वेळ धुवायची ते घड्याळ लावून सर्वांसमोर करून दाखवू; १५ मिनिटे प्रत्यक्षात किती असतात, याचा मोठ्यांनाही अंदाज नसतो.